उजेडाकडची कड

काल संध्याकाळी फोल्डर अकरा होते. आज सकाळी दहा.

टोकीने एकदा दाराकडून खिडकीकडे मोजले, मग खिडकीकडून दाराकडे. दोन्हीकडून दहाच भरले. मोजण्यात ती सहसा चुकत नसे. कपबश्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं बशीच्या काठावरची नक्षी आखून तिची नजर अशी तयार झाली होती की अठरा पानं हवी असताना सतराच बसलीत हे तिला बशी हातात घेण्याआधीच कळायचं. तेव्हा फोल्डर दहा म्हणजे दहाच होते, आणि अकरावा कुठे गेला हे या खोलीतल्या कोणाला तरी नक्की ठाऊक होतं.

तिने काही विचारलं नाही. या घरात प्रश्न विचारला की उत्तराऐवजी चहा येतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने नुसतं एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहून घेतलं.

अण्णा खिडकीपाशी त्यांच्या उंच स्टुलावर बसले होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस पाठ असलेल्या खुर्चीत का बसत नाही यावर घरात अनेकदा वाद झाला होता आणि दरवेळी स्टूलच जिंकलं होतं. दादा, म्हणजे टोकीचा थोरला भाऊ आणि अण्णांच्याच कॉलेजातला शिक्षक, भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. वहिनी टेबलाशी यादी लिहीत होती. आणि अण्णांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळं घर फ्रेमवाले काका म्हणे, जमिनीवर मांडी ठोकून फ्रेमांचे कोपरे तपासत होते. खालच्या छापखान्यात यंत्र सुरू झालं की फरशी थरथरायची, ब्रशांच्या बरण्या किणकिणायच्या आणि सगळे आपोआप मोठ्याने बोलायला लागायचे.

उद्या संग्रहालयातल्या बाई यादी न्यायला येणार होत्या. अण्णांच्या साठ वर्षांच्या कामाचं प्रदर्शन, पाच दालनं. कोणतं चित्र लागणार आणि कोणतं घरी राहणार हे आज ठरायचं होतं. त्यात अण्णांनी गेल्या आठवड्यात एक पाचर मारून ठेवली होती: यादीवर दोघांच्या सह्या हव्यात, मुलाची आणि मुलीची. का, ते सांगितलं नव्हतं.

तिथपासून घरात प्रत्येकाच्या मनात पाल चुकचुकत होती. वहिनीला वाटलं, टोकीने म्हाताऱ्याचे कान भरले. काकांना वाटलं, म्हाताऱ्याला दोघांची जुंपलेली पाहायची हौस आलीय. दादाला काय वाटत होतं त्याचा तो ताकास तूर लागू देत नव्हता. आणि टोकीला वाटलं, नक्की काहीतरी आपल्या गळ्यात घालायचंय. कारण चित्रकलेच्या बाबतीत या घराने तिचं मत शेवटचं विचारलं होतं त्याला बत्तीस वर्षं झाली होती, आणि तेही विचारलं नव्हतंच. तिने स्वतःहून कला महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली होती, त्याच वर्षी दादानेही दिली होती. फळ्यावर निकाल लागला. दादाचं नाव होतं, तिचं नव्हतं. आपल्याला हात नाही, एवढं त्या दिवशी तिने मनाशी पक्कं करून टाकलं आणि महिन्याभरात कारखान्यात रुजू झाली. टोकी हे नाव मात्र राहिलं. ते ती सगळ्या घराच्या पेन्सिलींना टोकं काढायची तेव्हाचं होतं.

"पहिलं दालन झालं," दादा म्हणाला. "विद्यार्थीदशा."

पहिल्या दालनात माणसंच माणसं होती. अण्णा विद्यार्थी असताना सकाळी मालधक्क्यावर जाऊन बसायचे आणि पोती वाहणाऱ्यांची रेखाटनं करायचे. वाकलेल्या पाठी, पोटऱ्यांच्या गाठी, कपाळावर बांधलेली फडकी. शिक्षकांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की चेहरा नंतर शीक, आधी माणूस वजन कसं पेलतो ते शीक. दुसऱ्या दालनात अण्णा स्वतः शिक्षक झालेले. तिथे वर्ग होते, ड्रॉइंग बोर्डावर झुकलेली मुलं होती, कानामागे पेन्सिल अडकवून झोपलेला एक शिपाई होता. आणि तिसऱ्या दालनापासून माणसं जी गेली ती गेलीच. रिकामे वर्ग, खुंटीवरचे कोट, ओढून सरकवलेली स्टुलं. पाचव्या दालनात तर तेही नाही, नुसती कापडं आणि भिंतीवरचा उजेड.

जाणकारांनी यावर पानंच्या पानं लिहिली होती. माणसाच्या नसण्याचा चित्रकार, असं एकाने म्हटलं होतं. अण्णांना विचारलं की ते म्हणत, कॉलेजने मॉडेल बोलावणं बंद केलं, मग मी काय करणार, खुंट्याच होत्या समोर.

टोकीचा त्यावर कधीच विश्वास बसला नव्हता. आज चिठ्ठ्यांवरची सालं वाचताना तिला एक गोष्ट दिसली आणि ती तिच्या मनातून जाईना. माणूस असलेलं शेवटचं चित्र तिच्या परीक्षेच्या वर्षातलं होतं.

ती फ्रेमा धरायच्या निमित्ताने काकांशेजारी जाऊन बसली. काका आजवर तिच्या बाजूचे. परीक्षेत नापास झाली तेव्हा घरात तेवढ्या एकाच माणसाने तिला आपल्या दुकानात बसवून दिवसभर काच कापायला दिली होती. तिने हळू आवाजात विचारलं, काका, काल अकरा फोल्डर होते ना? काका म्हणाले, असतील. मग म्हणाले, नसतीलही. मग पुठ्ठ्याची कड नखाने खरवडत म्हणाले, "हे बघ, सही कर आणि मोकळी हो. जुन्या कागदांत काय असतं, धूळ."

टोकीने कागदांचं नावही काढलं नव्हतं. तिने फक्त फोल्डर म्हटलं होतं, आणि फोल्डरांत तर जलरंग होते, छापचित्रं होती, फोटो होते. म्हणजे काकांना माहीत होतं. इतकी वर्षं ज्याला आपला समजलो तोही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय, हे लक्षात आलं तेव्हा तिला राग आला आणि त्याहून जास्त एकटं वाटलं.

तिने हिशोब जुळवून पाहिला. दादाने काहीतरी बाजूला काढलंय. काकांनी ते लपवायला जागा दिलीय. मालधक्क्याची उत्तम रेखाटनं असणार, दुसरं काय. तिची सही झाली की यादी पक्की, आणि यादीत नाही ते कधी नव्हतंच. आणि वहिनी? तिला कळल्याशिवाय दादा रुमालसुद्धा विकत घेत नसे.

बेसिनपाशी कप विसळताना वहिनी मागे येऊन उभी राहिली. नळ चालू होता तो तिने आणखी मोठा केला.

"टोकीताई," ती म्हणाली, "मी तुमच्यावर संशय घेत होते. खोटं कशाला बोलू. पण सही करू नका. आधी तुमच्या दादांना फोल्डरचं विचारा."

टोकी तिच्याकडे बघतच राहिली. बावीस वर्षांत या बाईने तिला मनापासून सांगितलेली ही बहुतेक पहिलीच गोष्ट होती.

"तूच सांग ना काय आहे त्यात."

"मला सांगायचा हक्क नाही. सहा महिने झाले, तो माणूस नीट जेवत नाही. वर्गात शिकवायला उभा राहतो आणि मध्येच थांबतो, मुलं मला फोन करतात. एकदाचं बाहेर पडू दे ते." तिने नळ बंद केला आणि अगदी नेहमीच्या आवाजात, साखर संपलीय हो, असं म्हणत ती निघून गेली.

टोकीला वाटलं, हाही डावच असेल. पण वहिनीला डाव टाकायचा असता तर ती इतक्या साध्या शब्दांत बोलली नसती.

चारच्या सुमाराला यादी तयार झाली. वहिनीने ती टेबलावर ठेवली, शेजारी पेन ठेवलं. दादाने सही केली, नेहमीसारखी मोठी, शेवटी फराटा ओढून. पेन टोकीकडे सरकवलं.

"अकरावा फोल्डर आला की करते," टोकी म्हणाली.

काकांनी हातातली फ्रेम जरा जास्तच काळजीपूर्वक खाली ठेवली. दादा म्हणाला की त्यात प्रदर्शनाचं काही नाही, कॉलेजचे कागद आहेत, चुकून इथे आले होते. टोकी म्हणाली, मग दाखव. तो म्हणाला, तुझा विश्वास नाही का माझ्यावर. ती म्हणाली, नाही. इतकं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तो सारवासारव करायला गेला, पण वहिनीने पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली, "काकांच्या फ्रेमांच्या मागे आहे. तुम्ही आणता की मी आणू?"

दादा उठला. फ्रेमांच्या थप्पीमागून त्याने तपकिरी फोल्डर काढला आणि नाडी सोडून टेबलावर ठेवला. आत दोनच कागद होते, कडेने पिवळे पडलेले.

दोन्ही कागदांवर एकच मांडणी होती. खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेलं कापड, सीटवर एक सुरई. टोकीने डावीकडचा कागद ओळखला. ते कापड काढताना ती घड्याळ विसरली होती आणि सुरईची मूठ शेवटच्या दहा मिनिटांत उरकली होती. मूठ अजून तशीच घाईची होती. पण कापड चांगलं होतं. तिला नवल वाटलं ते याचंच, की ते खरोखर चांगलं होतं. बत्तीस वर्षं ती ज्या मुलीला हात नाही असं समजत होती, त्या मुलीने हे काढलं होतं.

"भांडारघराला ओल आली," दादा म्हणाला. "जुने कागद टाकून द्यायचे होते. विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती. टाकायच्या आधी मी आपले दोघांचे शोधले. गंमत म्हणून. काल तुला दाखवायला आणले, मग धीर झाला नाही."

"उलटून बघा, ताई," वहिनी म्हणाली.

परीक्षेची पद्धत घरात सगळ्यांना पाठ होती. नाव कागदाच्या मागे कोपऱ्यात, त्यावर पट्टी चिकटवून झाकलेलं. तीन परीक्षक पाठोपाठ कागद बघणार, मागेच शंभरातले मार्क देऊन सही करणार. मग कार्यालयात पट्टी फाडायची आणि सरासरी काढायची. त्या वर्षी साठच्या वरचे घेतले होते.

टोकीच्या कागदामागे लिहिलं होतं: एक्क्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर. पंधरा. खाली कारकुनाच्या शाईत सरासरी, अठ्ठावन्न.

पंधराचा आकडा लाल पेन्सिलीत होता. पाचाची शेपटी डावीकडे वळलेली. तशी शेपटी जगात एकच माणूस काढत असे.

"अण्णा," टोकी म्हणाली, "हे तुमचं अक्षर आहे."

"माझंच," अण्णा म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला नाही. तो त्यांना पाठ असावा.

काका मध्येच बोलायला लागले, की तेव्हा दिवस वेगळे होते, माणसाच्या हातून होतं, आता उकरून काय उपयोग. अण्णांनी त्यांना हाताने थांबवलं. म्हणाले की काकाला त्यांनीच सांगितलं होतं, तेव्हाच, निकालाच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून त्याने टोकीला काच कापायला बसवलं. टोकीने काकांकडे पाहिलं. काका फरशीकडे बघत होते.

"मला वाटलं, तो याचा कागद आहे," अण्णा म्हणाले आणि दादाकडे बोट केलं.

खाली यंत्र सुरू होतं. त्यांना आवाज चढवावा लागला आणि त्यामुळे ते वर्गात शिकवत असल्यासारखं वाटायला लागलं.

"उजेडाकडची कड सोडलेली होती. पाच वर्षं मी याच्या डोक्याशी बसून सांगत होतो, वस्तूला चारी बाजूंनी कुंपण घालू नकोस. उजेड पडतो तिकडची कड बंद करायची नाही, कागदात जाऊ द्यायची. हा ऐकायचा नाही, ओढायचाच रेघ. मग तो कागद समोर आला. कापड उजेडात विरलेलं. माझ्याच घरातला हात, दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नव्हतं. मनात म्हटलं, पोराला शेवटी कळलं. फार आनंद झाला होता मला."

"आणि पंधरा दिलेत."

"स्टाफरूममध्ये कुजबुज चालू होती. बाप परीक्षक, पोरगा परीक्षेला. आधीच्या दोघांनी ऐंशीच्या घरात दिलेले. मी तेवढेच दिले असते तर हा पहिला आला असता आणि जन्मभर ऐकलं असतं, बापाने आणला. म्हटलं, काठावर आत जाऊ दे. दरवर्षी पंचावन्नला यादी थांबायची, अठ्ठावन्न म्हणजे पुरे. त्या वर्षी ती साठला थांबली." ते स्टुलावर नीट सरकून बसले. "फळ्यावर याचं नाव वाचलं आणि तुझं शोधलं. तेव्हा कळलं."

"दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं."

"आलं असतं. सांगितलं असतं तर कागद ओळखला हेही सांगावं लागलं असतं. नोकरी गेली असती. तुला म्हटलं होतं, पुढच्या वर्षी पुन्हा बस."

"एकदा म्हटलं होतंत. जेवताना."

अण्णांनी मान हलवली. ते नाकारत नव्हते.

टोकीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. पंधरा मार्कांनी तिला तितकंसं दुखलंही नव्हतं, कारण ते तिला दिलेलेच नव्हते. तिला दुसरंच काहीतरी टोचत होतं.

"मी पण परीक्षेला बसले होते, अण्णा. तुम्हाला माहीत होतं. तो कागद इतका चांगला होता, तर तो माझा असेल असं एकदाही वाटलं नाही?"

अण्णा खिडकीकडे बघत राहिले. उत्तर त्यांच्याकडे होतं, ते शोधत नव्हते.

"तुला मी शिकवलं नव्हतं," ते म्हणाले.

खरं होतं. ते दादाला शिकवायचे. टोकी टेबलाच्या पलीकडे बसून टोकं काढायची आणि समोर चाललेलं उलटं बघायची. तिने सगळं उलटंच शिकून घेतलं होतं आणि आपल्या खोलीत जाऊन सुलटं करून पाहिलं होतं. ते कोणी तिला विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. अण्णांची चित्रं माणसांवाचून का झाली, हेही तिला आता विचारावंसं वाटेना. खुंट्या समोर होत्या म्हणाले असते, आणि कदाचित तेही खरंच असेल.

अण्णांना तिची सही का हवी होती ते मात्र आता तिला कळलं: या वेळी निकाल तिने द्यायचा होता. तिने पेनाचं टोपण काढलं आणि यादीवर सही केली. वहिनी म्हणाली, ताई, घाई नको. अण्णांनी स्टुलावरून वळून पाहिलं, त्यांना ते अपेक्षित नसावं.

"चित्रं चांगली आहेत," टोकी म्हणाली. "त्यांना मी पंधरा देणार नाही."

अण्णांचा चेहरा पार उतरला. बत्तीस वर्षांत तिने त्यांना दिलेला हा पहिला फटका होता आणि तो बरोबर बसला. तिला त्याचं समाधान वाटलं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

सगळं संपलं असं वाटून काका उठायला लागले. तेव्हा दादा बोलला. तो इतका वेळ उजवीकडचा कागद हातात धरून उभा होता, आणि तो काय विचार करतोय हे कोणी पाहिलंच नव्हतं.

"आणि हा?" त्याने कागद अण्णांसमोर धरला. "यावर तुम्ही एकसष्ट दिलेत. तेव्हा तुम्हाला हा कोणाचा वाटला?"

"कोणाचाच नाही," अण्णा म्हणाले. "तीनशे कागद होते."

दादाने मान हलवली, विद्यार्थ्याचं म्हणणं पटल्यावर हलवतो तशी. पंचवीस वर्षं तो अण्णांच्याच विभागात अण्णांचेच धडे शिकवत होता. वहिनी त्याच्याकडे जायला निघाली आणि मध्येच थांबली. टोकीने सकाळपासून त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली होती. तो चोर आहे, तो लपवतोय, असं ती दिवसभर स्वतःला सांगत होती. तो लपवत होताच, पण तिचं चोरलेलं काही नव्हे, स्वतःचं दुखणं.

तो टेबलाशी येऊन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि आपला कागद तिच्यापुढे ठेवला.

"तू सांग," तो म्हणाला. "तू किती दिले असतेस?"

टोकीने कागद ओढून घेतला आणि नीट पाहिला, कारखान्यात नक्षीचा पहिला नमुना बघते तसा, आधी लांबून आणि मग जवळून. खुर्ची सरळ उभी होती. सुरई बरी होती, मूठ तिच्यापेक्षा चांगली. कापड पत्र्यासारखं कडक, आणि चारी बाजूंनी काळजीपूर्वक रेघ ओढलेली, उजेडाकडेसुद्धा. पंचावन्न, तिच्या मनात आलं. फार तर छप्पन्न.

"पासष्ट," ती म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. "खोटं बोलतेस."

"हो," टोकी म्हणाली, आणि स्टूल जरा त्याच्याकडे सरकवून बसली.